सूचनावही

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलण्याच्या ओघात झालेली पुनरुक्ती तेवढी काढली आहे.)



संयोजकांनी मला फोन करून सांगितलं, "पंधरा मिनिटं तुझ्या कामाबद्दल बोल. पण कॉम्प्युटरचं फार सांगू नकोस, लोक जेवणाच्या मांडवाकडे बघायला लागतील." त्यामुळे मी आज कॉम्प्युटरबद्दल कमी आणि पत्रव्यवहाराबद्दल जास्त बोलणार आहे. मराठीच्या बाईंना आठवत असेल, औपचारिक पत्रात माझे मायन्याचे गुण नेहमी जायचे.

मी ऑनलाइन गेम चालवते. बनवते असं म्हणत नाही, कारण चित्रं, गोष्टी, पात्रं दुसरे लोक करतात. माझं काम मागच्या बाजूला, सर्व्हरचं. वायरमनसारखं समजा. घरात दिवे लागलेले असतात तोवर वायरमनची कुणाला आठवण होत नाही, आणि गेले की त्याच्याइतकी दुसऱ्या कुणाची होत नाही.

तुमच्यापैकी निम्म्यांची मुलं हे गेम खेळतात आणि तुम्ही त्यांच्यावर ओरडता, हे मला माहीत आहे. मीही माझ्या मुलीवर ओरडते. पण एक गोष्ट आधी सांगते. आपण कॅरम बोर्ड विकत घेतला की तो आपला. कंपनीचा माणूस रात्री घरात शिरून राणीचे पाचाचे तीन गुण करून जात नाही. ऑनलाइन गेममध्ये नेमकं हेच होतं. बोर्ड आमच्याकडे, सोंगट्या आमच्याकडे, नियम आमच्याकडे. मुलाच्या हातात असते ती फक्त खिडकी. सकाळी तो उठतो आणि बघतो तर राणी तीन गुणांची झालेली असते. त्याला राग येतो. त्या रागाला उत्तर कोणी, कधी आणि कुठल्या शब्दांत द्यायचं, याभोवती माझ्या नोकरीची बरीच वर्षं गेली.

आपल्या शाळेत सूचनावही यायची, आठवतं? तास चालू असताना शिपाईकाका दारात उभे राहायचे. सर वही हातात घेऊन वाचायचे, सही करायचे आणि वही पुढच्या वर्गात जायची. सुट्टीची सूचना असली की आपण बाकं वाजवायचो, फीची असली की चिडीचूप. पण वहीत उलट काही लिहायची सोय नव्हती. सूचना येणार, आपण ऐकणार, संपलं. गेमच्या कंपन्यांनी सुरुवातीला ही वहीच चालवली. खेळाडूंनी ती फार दिवस चालू दिली नाही.

आइसलंडमध्ये सीसीपी नावाची कंपनी आहे. तिचा 'ईव्ह ऑनलाइन' हा खेळ २००३ पासून चालू आहे. अंतराळ, जहाजं, व्यापार, टोळ्या, लढाया. चीनमधला वेगळा सर्व्हर सोडला तर सगळे खेळाडू एकाच विश्वात असतात, त्यामुळे एकाने केलेली लबाडी दुसऱ्याला लागते. २००७ साली उघडकीस आलं की कंपनीतल्याच एका माणसाने आपल्या अधिकाराचा वापर करून जहाजसामग्रीचे दुर्मीळ नकाशे खेळातल्या स्वतःच्या पात्राला मिळवून दिले होते, आणि हे पात्र एका बलाढ्य गटात होतं. म्हणजे परीक्षकाचाच मुलगा परीक्षेला बसलेला. विश्वास उडाला तो उडालाच. मग कंपनीने एक विलक्षण गोष्ट केली. २००८ मध्ये तिने खेळाडूंमधून निवडून दिलेलं प्रतिनिधी मंडळ नेमलं. खरोखरची निवडणूक, प्रचार, मतदान. निवडून आलेल्यांना कंपनी स्वतःच्या खर्चाने रेक्याविकला बोलावते, पुढे काय करणार ते दाखवते आणि त्यांचं ऐकते. बाहेर बोलणार नाही असं त्यांच्याकडून लिहून घेते. आपल्या शाळेचं विद्यार्थी मंडळ स्नेहसंमेलनाच्या पडद्याचा रंग ठरवायचं, तेवढ्यावरच हे थांबलं नाही, एवढं सांगते.

पण मंडळ असूनही २०११ च्या जूनमध्ये आग लागलीच. कंपनीने खेळात कपड्यालत्त्याचं दुकान काढलं. त्यात पात्राच्या एका डोळ्याला लावायची एक चकती होती, आणि तिची किंमत खऱ्या पैशांत साठ डॉलरच्या वर जात होती. त्याच सुमारास कंपनीचं अंतर्गत नियतकालिक बाहेर फुटलं. त्यात खेळाडूंकडून आणखी पैसे कसे काढता येतील याची चर्चा होती. पाठोपाठ कंपनीच्या प्रमुखांचं, हिल्मार पेतुर्सन यांचं, कर्मचाऱ्यांना लिहिलेलं पत्रही फुटलं. त्याचा आशय असा, की अशा वेळी खेळाडू काय बोलतात त्यापेक्षा काय करतात ते बघावं.

खेळाडूंनी मग करून दाखवलं. खेळातली सर्वात मोठी बाजारपेठ म्हणजे जिता. तिथे एक पुतळा होता. हजारो जहाजं तिथे जमली आणि त्या पुतळ्यावर गोळ्या झाडत बसली. पुतळा फुटणारा नव्हता, हे त्यांना ठाऊक होतं. अनेकांनी वर्गणीही बंद केली. प्रतिनिधी मंडळाला तातडीने रेक्याविकला बोलावलं गेलं. ऑक्टोबरमध्ये पेतुर्सन यांनी जाहीर पत्र लिहून स्वतःच्या नावाने माफी मागितली. त्याच महिन्यात कंपनीने सुमारे वीस टक्के माणसं कमी केली, हे मात्र सांगितलंच पाहिजे. चूक वर झाली की खालच्यांचे पगार जातात, ही रीत आइसलंडमध्येही आहे. त्या हिवाळ्यापासून काम पुन्हा जहाजांकडे वळलं. २०१४ मध्ये रेक्याविकच्या बंदरात एक खरंखुरं स्मारक उभं राहिलं, आणि त्यावर खेळाडूंची नावं कोरली आहेत.

त्या फुटलेल्या पत्रातलं वाक्य मला इंजिनिअर म्हणून अगदीच चुकीचं वाटत नाही. आमच्याकडे प्रत्येक हालचालीची नोंद असते. कोण किती वाजता आला, काय विकत घेतलं, कुठून बाहेर पडला. आम्हीही तेच बघतो. पण नोंद सांगते, माणूस गेला. तो का गेला, हे त्या नोंदीत नसतं. एवढी साधी गोष्ट मला कळायला स्वतःच्या हातून एक घोटाळा व्हावा लागला. त्याबद्दल सांगायचं म्हणूनच मी आज बोलायला हो म्हटलं.

साधारण दहा वर्षांपूर्वीची गोष्ट. मी तेव्हा दुसऱ्या कंपनीत होते, नाव सांगत नाही. मोबाइलवरचा शेतीचा खेळ होता. पेरणी करायची, पाणी द्यायचं, बाजारात माल न्यायचा. आपल्याकडच्या लहान गावांतून तो खूप खेळला जायचा, कारण स्वस्तातल्या फोनवरही चालायचा. सर्व्हरवरची जागा भरत आली होती. सहा महिने कुणी फिरकलं नाही अशी खाती काढून टाकायचं ठरलं. तो प्रोग्रॅम मी लिहिला, तपासला आणि एका मंगळवारी रात्री चालवला.

माझी चूक सांगते, दोन मिनिटं लागतील. शेवटचं कधी खेळले, ही वेळ आमच्याकडे दोन ठिकाणी नोंदली जायची. फोन नंबर देऊन आलेल्यांची एकीकडे, आणि नंबर न देता पाहुणे म्हणून खेळणाऱ्यांची दुसरीकडे. मी पहिलीच नोंद पाहिली. पाहुण्यांच्या बाबतीत ती रिकामी असायची. रिकामी, म्हणजे कधीच आला नाही, असा माझ्या प्रोग्रॅमने अर्थ लावला. रोज संध्याकाळी खेळणाऱ्या काही हजार मुलांची शेतं त्या रात्री पुसली गेली.

कळलं अकराव्या दिवशी. आमच्याकडे जुन्या प्रती सात दिवसच ठेवायचे. तक्रारी पहिल्या दिवसापासून येत होत्या, पण त्या दुसऱ्या शहरातल्या विभागाकडे जायच्या आणि 'लॉगिनची अडचण' या खणात पडायच्या. गंमत म्हणजे कारण आमच्याआधी खेळाडूंनीच शोधलं होतं. नेहमी खेळणाऱ्या काहींनी आपापसांत विचारपूस करून यादी केली होती, कोणाचं शेत गेलं, कोणत्या तारखेला, नंबर दिला होता की नाही. सगळे पाहुणे निघाले. ती यादी त्यांनी पाठवली होती, आणि तीही त्याच खणात पडून होती. मला पुढे दोन दिवस लागले ते त्यांनी वहीच्या पानावर केलेलं काम पुन्हा करायला.

मग सूचना गेली. मजकूर असा होता: काही वापरकर्त्यांना तांत्रिक कारणांमुळे झालेल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत. सोबत प्रत्येकाला पाचशे नाणी. वकिलांनी पाहिलेला, सगळ्यांनी मान डोलावलेला मजकूर. मीही मान डोलावली. खरं सांगायचं तर मला हायसं वाटलं, कारण त्या वाक्यात मी कुठेच नव्हते.

त्यानंतर आलेल्या पत्रांपैकी एक मी वाचलं. इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं मराठी. मुलगा आठवी-नववीतला असावा. फोन मोठ्या भावाचा होता. त्याने लिहिलं होतं, शेत परत नाही आलं तरी चालेल, पण माझं काय चुकलं तेवढं सांगा, कारण दादा म्हणतो तूच काहीतरी दाबलं असशील, आणि तो आता फोन देत नाही.

मी पत्र पुन्हा पुन्हा वाचलं. त्याचं काहीच चुकलं नव्हतं. चूक कोणाची, कोणत्या ओळीत, किती वाजता, हे जगात ज्या पाच-सहा जणांना माहीत होतं त्यांपैकी मी एक. मी त्याला मराठीत उत्तर लिहिलं. पाच-सात ओळींचं. पण ठरलेल्या मजकुराबाहेर उत्तर द्यायचं नाही असा नियम होता. मी वरिष्ठांना विचारलं. ते म्हणाले, एकाला सांगितलं तर सगळ्यांना सांगावं लागेल. मला म्हणता आलं असतं की मग सगळ्यांना सांगू या. मी म्हटलं नाही. पदोन्नतीचे दिवस होते. त्या मुलाला तीच छापील सूचना गेली आणि पाचशे नाणी. पुढे तो खेळच बंद पडला, मी नोकरी बदलली, आणि ते पत्र ज्या खात्यात होतं ते खातंही गेलं.

आम्ही नेहमी धरून चालतो की उत्तर दिलं नाही तर लोक आमच्यावर चिडतील. काही चिडतात. पण काही, विशेषतः मुलं, स्वतःलाच दोष देतात. या दुसऱ्या लोकांचा कुठल्याही आकड्यात पत्ता लागत नाही.

आता याच्या अगदी उलट एक उदाहरण, ज्याचा मला धंद्यातली बाई म्हणून हेवा वाटतो. जपानच्या स्क्वेअर एनिक्स कंपनीने २०१० मध्ये 'फायनल फँटसी १४' काढला आणि तो सपशेल पडला. कंपनीच्या अध्यक्षांनी माफी मागितली, डिसेंबरमध्ये सूत्रं नाओकी योशिदा यांच्याकडे गेली, आणि खेळ धड होईपर्यंत वर्गणी घेणं बंद ठेवलं गेलं, ते थेट २०१२ च्या जानेवारीपर्यंत. योशिदांनी खेळाडूंना पत्रं लिहायला सुरुवात केली, पुढे तासन्‌तास प्रश्नोत्तरांचे थेट कार्यक्रमही. जुना खेळ २०१२ च्या नोव्हेंबरमध्ये बंद केला, तोही कसा, तर कथेतला चंद्र त्या जगावर पाडून. २०१३ च्या ऑगस्टमध्ये नव्याने बांधलेला खेळ आला. ही कथा सगळे सांगतात. मला मात्र त्यांची २०२१ च्या डिसेंबरमधली पत्रं जास्त आवडतात.

त्या महिन्यात खेळाचा नवा भाग आला आणि दारात तोबा गर्दी झाली. पैसे भरलेली माणसं तासन्‌तास रांगेत. त्यात मध्येच '२००२' असा एरर यायचा आणि रांगेतून बाहेर. योशिदांनी लिहून सांगितलं की एका केंद्रात प्रवेशासाठी १७,००० च्या वर लोक थांबले की दार लावून घेतलं जातं, आणि हा एरर म्हणजे ते बंद दार. तसं केलं नाही तर प्रवेशाचा सर्व्हरच कोसळेल आणि आत असलेल्यांसकट सगळे बाहेर फेकले जातील. आपल्या तालुक्याच्या एसटी स्टँडवर कंडक्टर दार ओढून घेतो, तसंच. मग सर्व्हर वाढवत का नाही? त्याचंही उत्तर होतं. कोविडनंतर जगभर चिपांचा तुटवडा होता, पैसे द्यायची तयारी असूनही यंत्रं मिळत नव्हती. भरपाई म्हणून वर्गणीदारांना आधी सात दिवस मोफत दिले, मग आणखी चौदा. आणि त्यांनी खेळाची विक्रीच थांबवली, जानेवारीच्या अखेरीपर्यंत. ऐन हंगामात दुकानदाराने स्वतःच्या हाताने शटर खाली ओढलं, कारण आत आणखी गिऱ्हाईक घेतलं तर आधीच्याला उभं राहायला जागा नाही.

माझ्या ऑफिसात त्या पत्रांवर चर्चा झाली. एक जण म्हणाला, लोकांना १७,००० चा आकडा कशाला सांगायचा, त्यांना काय कळतंय? मी म्हटलं, रांगेत उभ्या असलेल्या माणसाला रांगेतलं सगळं कळतं.

'काय कळतंय' वरून आठवलं. 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' नावाच्या खेळाचे जुने खेळाडू मूळचा खेळ परत मागत होते. २०१३ च्या मेळाव्यात एकाने हे विचारलं तेव्हा व्यासपीठावरून जे. ॲलन ब्रॅक यांनी उत्तर दिलं, त्याचा अर्थ असा की तुम्हाला वाटतंय तुम्हाला ते हवं आहे, पण खरं तर नको आहे. आपल्या सगळ्यांच्या आया हेच म्हणायच्या. चार वर्षांनी त्याच ब्रॅकना त्याच मेळाव्यात उभं राहून जुना खेळ परत आणत असल्याचं जाहीर करावं लागलं, आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये तो आला. लोक रांगा लावून आत गेले.

म्हणून काय खेळाडूंचंच ऐकत बसायचं? नाही. 'ओल्ड स्कूल रुनस्केप' या इंग्लंडमधल्या खेळात नवी गोष्ट आणायची तर खेळाडूंचं मत घेतात. आधी ७५ टक्के पाठिंबा लागायचा, पुढे ७० केला. तिथेही कुरबुरी असतातच, कारण बहुमत नवख्यांची बाजू घेतंच असं नाही. आणि मोकळेपणाने बोलायची किंमत कोण मोजतं, हेही बघावं लागतं. 'गिल्ड वॉर्स २' या खेळाच्या लेखनविभागातल्या एका स्त्रीने २०१८ च्या जुलैमध्ये एका खेळाडूला समाजमाध्यमावर चिडून उत्तर दिलं. ओरड झाली. कंपनीने तिला काढलं, आणि तिची बाजू घेणाऱ्या सहकाऱ्यालाही. तिचा सूर मला पटला नाही. पण रात्री स्वतःच्या खात्यावर लिहिणाऱ्या माणसाला कंपनीची सूचनावही समजायचं, आणि दुसऱ्या दिवशी हात झटकायचे, हे मला त्याहून पटत नाही. माझ्या हाताखालच्या मुलींना मी सांगते, उत्तर द्यायचं ते कामाच्या वेळेत, कंपनीच्या नावाने, आणि शिव्या आल्या तर त्या माझ्याकडे पाठवायच्या. शिव्या येतात. काहींचं शुद्धलेखन फार वाईट असतं.

आपल्याकडच्या पालकांना २०२० चा सप्टेंबर आठवत असेल. सरकारने ११८ ॲपवर बंदी घातली, त्यात पबजी मोबाइल होतं. २०२१ च्या जुलैमध्ये तोच खेळ बीजीएमआय नावाने आला, पुढच्या जुलैत तोही दुकानांतून गायब झाला, आणि २०२३ च्या मेमध्ये पुन्हा उगवला. माझ्या भाच्याचा प्रत्येक वेळी एकच प्रश्न, "मावशी, माझं सामान राहील ना?" सुरक्षा, कायदा, परवानगी हे सगळं मोठ्यांचं. त्याला सामानाचं उत्तर हवं होतं. मला ते माहीत नव्हतं, आणि मी तसं त्याला सांगितलं. तो म्हणाला, निदान तू तरी सांगितलंस.

आता सर, मी तुमच्याकडे वळते. तुम्ही पहिल्या रांगेत बसला आहात हे बघूनच मी हे शेवटी ठेवलं. नववीच्या सहामाहीला तुम्ही भूमितीचे पेपर वाटले होते, गुणपत्रकंही घरी गेली होती. दोन दिवसांनी तुम्ही वर्गात आलात, हजेरी न घेता खडू उचललात आणि फळ्यावर पाचव्या प्रश्नाच्या उपप्रश्नांच्या गुणांची बेरीज मांडलीत. म्हणालात, ही मी चुकीची केली होती, सगळ्या वर्गाची. तुमच्यातल्या कोणाचा काही दोष नाही. पेपर परत द्या, आणि घरी सांगा की सरांची बेरीज चुकली. पालकांच्या सह्या झालेली गुणपत्रकं तुम्ही लाल शाईने एकेक करून दुरुस्त केलीत आणि प्रत्येकावर स्वतःची सही केलीत.

मी आता जिथे काम करते तिथे एक पद्धत आम्ही पाडली आहे. सर्व्हर बिघडला तर सूचनेचा पहिला मसुदा ज्याच्या हातून बिघडला तो लिहितो. काय गेलं, काय परत येईल, काय येणार नाही, आणि तुमच्या हातून काही चुकलेलं नाही. हे शेवटचं वाक्य वकिलांना आवडत नाही. दर वेळी त्यावर लाल रेघ येते, आणि दर वेळी मी ते परत घालते. दोनदा हरलेही आहे.

त्या शेतीवाल्या मुलाचं वय आता तेवीस-चोवीस असेल. त्याचा पत्ता माझ्याकडे नाही. ही स्मरणिका कुठे कुठे जाते कोण जाणे, म्हणून लिहून ठेवते: मंगळवारी रात्री मी चालवलेल्या प्रोग्रॅमने तुझं शेत पुसलं. तू काहीही दाबलं नव्हतंस. दादाला सांग.

आणि सर, तुमच्या त्या दुरुस्तीत वर्गातल्या बहुतेकांचे गुण वाढले होते. माझे दोन कमी झाले. जेवण झाल्यावर आपण त्याबद्दल बोलू.